ग्रहावरचे चर

त्या मालिकेतल्या लाल ग्रहाची जमीन सपाट करून घेण्याचा हट्ट माझा होता. दिग्दर्शकाचा नव्हता, वाहिनीचा नव्हता, कॅमेरामनचाही नव्हता. तो मीच धरला, मीच तडीस नेला, आणि त्यासाठी एका बाईला दिलेला शब्द पूर्ण शुद्धीत मोडला. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर रागावणार आहे आणि त्यातून मी स्वतःला वगळलंय असं कोणाला वाटायला नको.

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुष्कळ लोकांना ती मालिका आठवते. रविवारी सकाळी लागायची. चार अंतराळवीर, एक बिघडलेलं यान आणि एक निर्जन ग्रह. हल्ली ती कोणीतरी इंटरनेटवर टाकली आहे आणि तिला ‘अभिजात’ म्हणतात. करताना ती अभिजात वगैरे काही नव्हती. यान म्हणजे दुधाच्या जुन्या टँकरची टाकी, चंदेरी रंग दिलेली. ग्रहावर फिरणारी गाडी म्हणजे पॉवर टिलर, त्याच्यावर फायबरचं कवच. शिरस्त्राणं रस्त्यावरच्या दिव्यांचे मोठे प्लॅस्टिकचे गोळे कापून केली होती. त्यांच्या आत वाफ धरायची, म्हणून प्रत्येक शॉटनंतर अंतराळवीरांची डोकी उतरवून पुसावी लागत.

आणि ग्रह म्हणजे नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातला एक माळ, मिरजगावपासून थोडा आत. तो मी शोधला. मी नगरचा, शिक्षकाच्या घरातला, नुकताच पंचविशी ओलांडलेला सहायक. माझं खरं काम कंटिन्युइटीचं, म्हणजे सातत्य सांभाळायचं. एका दृश्यात अंतराळवीराच्या डाव्या हातात हातोडी असेल तर पुढच्या दृश्यात ती उजव्या हातात जाऊ द्यायची नाही. त्यासाठी माझ्याकडे जाड वही असे. तिच्यात फोटो चिकटवलेले, प्रत्येक दगडाची जागा मांडलेली. गावातले लोक मला ‘वहीवाले’ म्हणत.

हे नाव ठेवलं ते आमच्यासाठी भाकरी करणाऱ्या बाईंनी. तेव्हा त्या चाळिशीच्या असतील. माळाच्या पायथ्याला त्यांचं रान आणि विहीर. मी त्यांना आक्का म्हणायचो. चंदेरी ताडपत्रीच्या पोशाखातला आमचा नायक पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा आक्का शेजारच्या बायकांना म्हणाल्या, “बया, ह्यो तर कागदात बांधलेला पेढा! कुनाच्या बारशाचा म्हनायचा?” नायकाला राग आला होता. जेवला मात्र तीन भाकरी.

पहिलं चित्रीकरण हिवाळ्यात झालं. मग पुढच्या भागांची मंजुरी अडकली आणि आम्ही परत आलो ते ऐन उन्हाळ्यात. माळ बदलला होता. उतारावर आडव्या रेघा मारल्यासारखे चर खणलेले, एकाखाली एक, आणि प्रत्येक चराच्या खालच्या बांधावर रोपं. गावानं श्रमदान केलं होतं. लाकडी चौकटीला ओळंबा लावून आक्कांनीच रेषा आखल्या होत्या, म्हणजे चर एका पातळीत राहतो आणि पाणी पळून न जाता तिथंच मुरतं. मग चिठ्ठ्या टाकून घरटी एकेक तुकडा खणायला वाटला. त्या वर्षी विहिरींना पाणी राहिलं तर सात घरं ऊसतोडीला जायची नाहीत असं ठरलं होतं. आक्कांचं घर त्यांतलंच.

मला त्यात काय दिसलं? मला वहीतला फोटो चुकलेला दिसला.

गोष्टीत अंतराळवीर तासाभरात यानापाशी परत येतात, असं होतं. लेखक म्हणाला, “यान उतरताना जमीन फाटली असं दाखवू. छान दिसतंय की.” दिग्दर्शकालाही ते आवडलं. तिथं मी गप्प बसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी वही उघडली, हिवाळ्यातले फोटो त्यांच्यापुढे नाचवले आणि म्हणालो, “एका तासात इतके सरळ चर? त्यावर कडुलिंबाची रोपं? लोक हसतील.” दिग्दर्शकानं माझ्या पाठीवर थाप मारली. “हा बरोबर बोलतोय. तूच गावाशी बोल, तुझी माणसं आहेत.”

माझी माणसं! मी सकाळीच आक्कांकडे गेलो. त्या गोठ्यात शेण काढत होत्या.

“आक्का, एक काम होतं.”

“वहीवाले, तुमचं काम म्हंजी आमचा निम्मा दिस. बोला.”

मी सांगितलं. त्यांचे हात थांबले.

“बुजवायचं?”

“कॅमेऱ्यात दिसतात तेवढेच. आठ दिवस फक्त. मग जसेच्या तसे खणून देतो. रोपं सावलीत ठेवू, परत लावू. पावसाला अजून महिना आहे.”

“कोन खननार? त्यो पेढा?”

“माणसं लावू आक्का. माझा शब्द.”

मालिकेच्या शेवटी गावाचं नाव येणार, असं दिग्दर्शकानं सगळ्यांना सांगितलेलं होतं, त्याची गावाला हौस होतीच. पण आक्का हौसेनं तयार झाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “तुमाला हितं कुनी वळखत न्हाई. गाव माझ्या तोंडाकडं बघून हा म्हननार. ह्यो शब्द मी माझा म्हनून सांगनार हाय, ध्येनात ठिवा.”

“ठेवतो,” मी म्हणालो.

ट्रॅक्टरला पुढं माती ढकलायची लोखंडी फळी लावली आणि गावानं दोन महिने खणलेलं एका सकाळी बुजलं. वर गेरू उधळला. रोपं गोणपाटात गुंडाळून बाभळीखाली ठेवली. पहिले दोन दिवस मी स्वतः त्यांच्यावर पाणी शिंपडलं, मग विसरलो. वहीत मात्र सगळं अचूक होतं. एक खडा इकडचा तिकडे झाला नाही.

शेवटच्या दिवशी काम दुपारीच आटोपलं. मुंबईत सेट उभा होता, लगेच निघायचं होतं. चरांचं काय, असं मी निर्मिती व्यवस्थापकाला सकाळीच विचारलं होतं. तो हसून म्हणाला, “अरे, तिथं परत कोण जातंय?” म्हणजे मला माहीत होतं. गाड्या भरताना आक्का आल्या. त्यांनी एकच शब्द उच्चारला, “चर?”

“सोमवारी माणसं येतील,” मी म्हणालो आणि गाडीत बसलो.

तीन आठवड्यांनी आमच्या कचेरीत पोस्टकार्ड आलं. पत्त्यात माझं नाव नव्हतं, ‘वहीवाले यांस’ एवढंच. अक्षर आक्कांच्या मुलीचं, सातवीतल्या. ‘आई रोज फाट्यावर जाऊन बघते. गावातले लोक स्वतः खणायला निघाले होते, आईने थांबवले, म्हणाली की शब्द दिला आहे, त्यांची माणसं येतील. आता आभाळ येऊ लागले आहे. तुम्ही कधी येणार?’

ते कार्ड वाचून मी वहीत ठेवलं. उत्तर लिहिलं नाही. मालिकेच्या शेवटच्या भागात आभारांची यादी आली. त्यात लॉज होतं, थंड पेयवाले होते, ताडपत्रीचे दुकानदार होते. गाव नव्हतं. ती यादी मीच तपासली होती.

मागच्या हिवाळ्यात नगरला त्या मालिकेचा गौरवसोहळा झाला. मला शाल-श्रीफळ दिलं. दिग्दर्शक येऊ शकले नाहीत, त्यांचा संदेश पडद्यावर दाखवला. ते म्हणाले, “निसर्गानंच आम्हाला तो ग्रह दिला. ओसाड, निरुपयोगी जमीन होती ती, आम्ही तिला अमर केलं.” सभागृहात टाळ्या. मग पुण्याहून आलेला एक हुशार चाहता लॅपटॉप घेऊन उठला. हिवाळ्यातलं दृश्य आणि उन्हाळ्यातलं दृश्य त्यानं शेजारी शेजारी लावलं आणि विचारलं, “सर, एवढं परफेक्ट कसं जमवलंत?”

माझं डोकं तापलं. ओसाड? निरुपयोगी? हिवाळ्यात तिथं गवत होतं, ते आम्ही गेरूनं झाकलं. उन्हाळ्यात तिथं झाडं लावलेली होती, ती आम्ही उपटली. जमीन ओसाड सापडली नव्हती हो, आम्ही ती ओसाड करून घेतली, ट्रॅक्टर लावून! आणि तीस वर्षांनी हा माणूस घरात बसून त्या जमिनीवर उपकार केल्याच्या गोष्टी सांगतो. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी म्हणालो काय? “टीमवर्क.” पुन्हा टाळ्या.

घरी येऊन मी इंटरनेटवरच्या प्रतिक्रिया वाचत बसलो. हल्ली लोक त्या माळावर जाऊन व्हिडिओ काढतात, हे मला तेव्हा कळलं. एकानं लिहिलं होतं, ‘गावकऱ्यांनी ग्रहाची पार वाट लावली. सगळीकडे झाडं लावून ठेवलीत. असा वारसा जपायला नको का?’ त्याखाली शेकडो लोकांनी होकार दिलेला. मी संतापून उत्तर लिहायला घेतलं. चांगलं पानभर लिहिलं. मग वाचून पाहिलं तर त्यात दिग्दर्शक होता, व्यवस्थापक होता, वाहिनी होती, हे नवे चाहते होते. मी कुठंच नव्हतो. ते पुसलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढली.

माळ हिरवा होता. चर पुन्हा खणलेले, कडेनं सीताफळं. आक्का ओट्यावर बसल्या होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, शेजारी काठी.

“कोन?”

“आक्का, मी शूटिंगवाला. वहीवाला.”

त्यांनी डोळ्यांवर हात धरून मला नीट पाहिलं. “सोमवार आज उगावला व्हय रं?”

मी खाली बसलो. मी न विचारताच त्या सांगू लागल्या. आवाज चढवला नाही. “त्या साली पानी थांबलंच न्हाई. समदा गाळ हिरीत. सात घरं तोडीला गेली, आमीबी गेलो. पोरीची शाळा मोडली ती मोडलीच. पर पावसाचं मी म्हनत न्हाई, त्यो कसा पडंल कोन सांगनार. फुडच्या उन्हाळ्यात मी श्रमदानाला हाळी दिली, तर एक मानूस आला न्हाई. म्हनले, तुझ्या वहीवाल्याला बोलव. म्हनले, ही शिनेमावाल्यांना सामील हुती, मुद्दाम थांबीवलं आमाला. ह्ये चर मी मेल्यावर खनत्याल असं वाटलं हुतं. शेवटी झालं, पर लई वर्सांनी, आन् दुसऱ्याच्या शब्दावर. माझ्या न्हाई.”

“आक्का, मला माफ...”

“मला नगं सांगू!” त्यांनी काठी आपटली. “तू काय केलंस ते मला म्हाईतच हाय. ज्यांला म्हाईत न्हाई त्यांला सांग.” आणि आत हाक मारली, “सूनबाय, किटली दे गं. डेरीत आज मी जाती. पाव्हना उचलतोय.”

संध्याकाळच्या वेळी सगळं गाव दूध संकलन केंद्रावर असतं. किटल्यांची रांग होती, आत फॅट मोजायचं यंत्र घरघरत होतं. दोघातिघा तरुणांनी मला ओळखलं. सोहळ्याचा व्हिडिओ त्यांच्या मोबाईलवर आला होता. “सर, तुमीच ना त्या सिरियलचे? एक सेल्फी?” पलीकडून एक म्हातारे पुढे आले, माझ्याकडे निरखून बघितलं आणि ओरडले, “आरं, ह्यो तर वहीवाला! आता काय बुजवायला आलायस रं?” रांग हसली. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी काठीनं मला पुढं व्हायची खूण केली.

मी किटली खाली ठेवली. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. जसं आलं तसं बोललो, मान खाली घालून. मागून कोणीतरी ओरडलं, “मोठ्यानं बोला, मशिनीत ऐकू येत न्हाई!” केंद्रचालकानं यंत्र बंद केलं. मी वर बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

“माळावरचे चर बुजवायला मी लावले. दिग्दर्शकांना ते चर चालत होते, मी हट्ट केला. ते खणून देतो असा शब्द मी आक्कांना दिला, आणि तो खरा मानून त्यांनी तुम्हाला थांबवलं. त्या कोणाला सामील नव्हत्या. सोमवारी माणसं येतील असं मी म्हणालो, तेव्हा कोणी येणार नाही हे मला माहीत होतं. त्यांचं पत्र आलं, तेही मी दाबून ठेवलं. खोटा मी होतो, या नव्हत्या. इतकी वर्षं तुम्ही त्यांना बोल लावलात तो माझा होता. आक्का, तुमची मी सगळ्यांसमोर माफी मागतो. आणि तुम्हा सगळ्यांचीही.”