आवाज काढून घेतलेलं गाणं

माझ्या धाकट्याचा आवाज मध्येच तुटला आणि किनाऱ्यावर शिट्ट्या सुरू झाल्या. त्याचा शेवटचा शब्द ‘दर्या’ होता. तो आवाज घुमवायच्या मशीनमध्ये अडकून फिरत राहिला, दर्या, दर्या, दर्या, आणि खाली बेस चालूच. धाकटा स्पीकर लादलेल्या टेम्पोशेजारी ओल्या वाळूत उभा होता. माईक मुठीत, मान हलत होती. लोकांना वाटलं रंगात आलाय. दोन-चार मुली त्याच्यासारखीच मान हलवून नाचायला लागल्या.

त्याला शॉक लागला होता.

नारळी पौर्णिमेची दुपार होती. नारळ सोडायला जाताना आमच्यात पायात काही घालत नाहीत. पुरुष कमरेएवढ्या पाण्यात जातात, नारळ सोडतात आणि तसेच ओले वर येतात. धाकटाही तसाच वर आला आणि अनवाणी माईकजवळ गेला. घरी तो लाकडी पाटावर उभा राहून गायचा, कारण ते मशीन चावायचं. एकदा पुसताना मलाही चावलं होतं. “चपला घालून पूस,” एवढंच म्हणाला होता. त्या दिवशी देवाचं काम, म्हणून चपला घरी. पाट कुणाला सुचला नाही. मलाही नाही.

लोकांना मी दोष देत नाही. त्या गाण्यात आवाज जातोच. त्याला डब म्हणतात.

माझ्या लग्नात बायका नुसत्या तोंडाने गायल्या होत्या. पुढे बेंजो आला, तेव्हा बायकांना ओरडून गावं लागायचं. मग डीजे आला आणि बायका गायच्या थांबल्या. धाकटा काही वर्षं गोव्याला हॉटेलात कामाला होता. तिथून तो हे घेऊन आला. म्हणाला, जमैका म्हणून एक बेट आहे, तिथलं रेगे. रेगेचं गाणं घ्यायचं आणि त्यातला गाणारा काढून टाकायचा. मागे राहतो ढोल आणि बेस. मध्येच गाणाऱ्याचा एखादा शब्द सोडायचा, तो घुमतो आणि विरतो.

“म्हणजे मासा फेकायचा नि काटा ताटात वाढायचा,” मी म्हणाले.

“आये, तू काटा चोखून तर बघ.”

थोरला बोट चालवायचा. त्याला हे अजिबात पटायचं नाही. जेवताना म्हणायचा, “काय रं, गाणं हाय का इंजिन बंद पडलंय? ढकलायला येऊ?” धाकटा म्हणायचा, “दादा, तू फक्त हॉर्न वाजव, तोच रेकॉर्ड करतो.” एकदा त्याने खरंच बोटीच्या इंजिनाचा आवाज घातला गाण्यात. थोरल्याने ते तीनदा ऐकलं आणि म्हणाला, “इंजिन बरं हाय. बाकी काढून टाक.”

मला ऐकून ऐकून समजायला लागलं. पूर्वी जमैकातले लोक टेप गोल फिरवून आवाज घुमवायचे. पुढे त्याची यंत्रं झाली, आता सगळं मोबाईलवर होतं. पण मोबाईलचा घुमारा फार स्वच्छ येतो, असं धाकट्याचं म्हणणं. जुन्या यंत्रात प्रत्येक फेरीला आवाज थोडा मळतो, आणि त्याला तो मळ हवा होता. म्हणून मुंबईहून जुनं मशीन आणलं. पत्र्याची पेटी. दुरुस्त करून देणाऱ्याने काय जोडलं काय नाही, देव जाणे.

गाणं माझ्या आईचं होतं. सुकट वाळवताना ती म्हणायची. ते मी त्याला म्हणून दाखवलं आणि त्याने त्यातलं अर्ध्याहून जास्त काढून टाकलं. मी चिडले नाही. माझ्याही अर्ध्याहून जास्त लक्षात नव्हतं. तो सराव करायचा तेव्हा मी मासळी साफ करत ऐकायची. ‘दर्या’वर तो थांबायचा, शब्द आठ वेळा घुमायचा, मग तो बटण फिरवून शब्द मारायचा आणि ढोल आत आणायचा. दरवेळी आठच.

त्या दिवशी नववा आला. दहावा आला. आणि शब्द विरायच्या ऐवजी मोठा होत गेला, कारण बटण फिरवायला कुणी नव्हतं. लोक आणखी खूश झाले.

मी जनरेटरकडे गेले. पळाले म्हणत नाही, माझे गुडघे पळण्यासारखे नाहीत. जनरेटरवाला परगावचा होता, खुर्चीत बसून भेळ खात होता.

“बंद कर.”

“मावशी, आता तर मजा येतेय.”

“बंद कर, मेल्या! पोर मरतंय माझं!”

तो उठला, पण त्याला खटका सापडेना. मी मागे बघितलं, तर थोरला टेम्पोपाशी पोचला होता. माझं ओरडणं ऐकलं की स्वतःच ओळखलं, माहीत नाही. तोही ओला, तोही अनवाणी. बोटीवर कुणाला करंट लागला तर हात लावायचा नाही, वल्ह्याने ढकलायचं, हे त्यानेच खलाशांना शिकवलेलं. वल्ही तिथेच वाळूत पडलेली होती. त्याने सरळ जाऊन भावाचा हात धरला.

मग खटका सापडला. बेस थांबला. दोघे एकदमच खाली पडले.

ते सगळं कुणीतरी मोबाईलवर काढलेलं होतं. पुढच्या वर्षी चौलला एका हळदीला गेले होते, तिथे डीजेने एक गाणं लावलं. त्यात दर्या, दर्या चालू होतं आणि मध्येच एक बाई ओरडत होती, बंद कर, बंद कर. प्रत्येक ‘बंद कर’ला पोरं उड्या मारत होती. डीजेला विचारलं, हे कुठून आणलं. म्हणाला, “माहीत न्हाय आजी, मोबाईलवर आलं. भारी हाय ना?” मी हो म्हणाले. जेवणाच्या पंगतीत बसले, जेवले आणि घरी आले. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही.

त्या दिवशी स्पीकर वाळूत उतरवून त्याच टेम्पोतून दोघांना दवाखान्यात नेलं. मी मध्ये बसले होते, एका हाताखाली एकाची छाती, दुसऱ्या हाताखाली दुसऱ्याची. वाटेत एका हाताखाली धडधड होती आणि एका हाताखाली नव्हती. दवाखान्यात डॉक्टरने दोघांना तपासलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं. मी म्हणाले, मला माहीत आहे, कुठला ते सांगायची गरज नाही.

धाकट्याच्या उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत. तो जिवंत आहे. थोरला त्या दिवशी गेला.