मालकाचं नाव पांडुरंग

सेतुभावोजी गेल्याची बातमी आमच्याकडे भिंतीतून आली. त्यांचं आणि आमचं घर एकाच भिंतीला टेकलेलं आहे, आणि काही हवं असलं की जाऊबाई मुसळाच्या टोकानं भिंतीवर दोनदा ठोकतात. त्या दुपारी ठोके थांबेचनात. मी गेले तेव्हा भावोजी आरामखुर्चीत होते, चष्मा डोळ्यांवर, पेपर मांडीवर... डुलकी लागली आहे असंच कुणालाही वाटलं असतं. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल.

पुण्याच्या आणि कलकत्त्याच्या माझ्या नातवंडांनो, तुमची पत्रं पोचली. धाकट्या आजोबांसाठी तुम्ही रडलात, हे बरं केलंत. पण महिन्यानंतर हे लिहायला बसताना माझं मन तुम्हाला वाटतं तेवढं जड नाही. उलट काहीतरी वेळेवर मिटलं याचं समाधानच त्यात जास्त आहे. ते का, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. पेपरच्या या पुरवणीनं जागा दिली आहे, तेव्हा क्रमानं सांगते.

तांदळावर नियंत्रण होतं त्या काळातली ही गोष्ट. आमचं कुंभकोणम् म्हणजे चहूकडे भातशेती, तरीही घरात किती तांदूळ ठेवावा, एका जिल्ह्यातून दुसऱ्यात किती न्यावा, लग्नात किती जणांना भात वाढावा, हे मद्रासचं सरकार ठरवत असे. लढाईच्या दिवसांत हे नियम आले आणि स्वराज्य आलं तरी गेले नाहीत. आमच्या तालुक्यात ते पाळले जातात की नाही हे बघण्याचं काम सेतुभावोजींकडे होतं. माणूस अतिशय सरळ. सरळ माणसाला अशा खात्यात मित्र राहत नाहीत. रस्त्यात ते दिसले की लोक पिशव्या पदराआड घेत. लग्नाची बोलावणी बंद झाली. एकदा मला म्हणाले, "वैनी, मी जेवायस बसलों की लोकांस वाटतं, पंगत मोजायस आलों." म्हणाले हसत.

तुमचे आजोबा त्यांचे थोरले भाऊ. गणिताचे मास्तर, निवृत्त झालेले आणि हट्टी. पिढ्यान् पिढ्या इकडे राहिलेल्या आमच्या मराठी घरी रुक्मिणी-कल्याणाचा, म्हणजे रुक्मिणी-पांडुरंगाच्या लग्नाचा, उत्सव होतो, त्याची रीत तुम्ही पाहिलेली नाही. दर एकादशीला सकाळी तुमचे आजोबा तांब्याचा चंबू गळ्यात अडकवून, चिपळ्या घेऊन, अभंग म्हणत गल्लोगल्ली फिरतात आणि प्रत्येक घरातून मूठभर तांदूळ घेतात. याला इकडे उंछवृत्ती म्हणतात. मागायचं नाही, नुसतं गात जायचं. उत्सवाचा प्रसाद त्याच तांदळाचा झाला पाहिजे, विकतचा चालत नाही. मूठ मूठ करून वर्षभरात दोन पोती भरतात, आणि ती देवघराशेजारच्या खोलीत राहतात.

नियंत्रणाच्या हिशेबानं ही दोन पोती म्हणजे साठेबाजी होती. त्या वर्षी प्रत्येक घराला साठ्याचं एक पत्रक भरून द्यायचा हुकूम निघाला. पत्रक इंग्रजी, म्हणून ते माझ्याकडे आलं. मी मद्रासला कॉलेजात शिकलेली, माझं अक्षर टाइपासारखं, आणि कागदावरची रिकामी जागा मला बघवत नाही. मी लेखणी घेऊन बसले. पहिलाच रकाना, मालकाचं नाव. मी तुमच्या आजोबांचं लिहिणार तोच ते म्हणाले, "माझं कशास? तांदूळ माझा आहे का? ज्याचा आहे त्याचं लिही." मी म्हटलं, हे सरकारी पत्रक आहे. ते म्हणाले, "सरकारास खोटं सांगूं म्हणतेस?"

तेव्हा मी लिहिलं. मालकाचं नाव, पांडुरंग. धंदा, उभं राहणं. घरातली माणसं किती, या रकान्यात आजोबांनी "अस्के" सांगितलं, म्हणजे सगळे. त्याचं इंग्रजी मी केलं. खोटं कशाला बोलू, लिहिताना मला हसू येत होतं. पत्रक शेवटी कुणाच्या टेबलावर जाणार आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

चौथ्या दिवशी भावोजी आले. पुढच्या दारानं आले, म्हणजे सरकारी कामावर. एरवी ते परसातून येत. बरोबर एक शिपाई आणि एक बैलगाडी. ओसरीवर उभे राहून त्यांनी आपल्या थोरल्या भावाला विचारलं, "मालक कुठें आहेत?"

"देवघरांत उभा आहे," आजोबा म्हणाले. "जा, विचार त्यास."

"पत्रकावर त्यांची सही नाही."

"तुला हवी तर तूच घे मागून."

भावोजींनी पादत्राणं काढली, देवघरात गेले, हात जोडले, बाहेर आले आणि शिपायाला तमिळमध्ये पोती उचलायला सांगितली. मग तिथेच बसून पावती लिहिली. मालक श्री. पांडुरंग, दोन पोती तांदूळ, सरकारजमा. खाली मालकाच्या सहीसाठी रेघ मारली आणि कागद आजोबांपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. मी घेतला.

पाणी प्यायच्या निमित्तानं भावोजी स्वयंपाकघरात आले. हळूच म्हणाले, "वैनी, अक्षर तुमचं. तुम्ही अण्णास वांचवलंत." मला काही समजेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की, त्या रकान्यात अण्णांचं नाव असतं तर त्यांच्यावर खटला भरावा लागला असता, सख्खा भाऊ असला तरी. साहेबांनी पत्रक पाहिलं होतं, ते दडपता आलं नसतं. आता मालक सापडत नाही म्हणून माल बेवारस, आणि बेवारस माल नुसता जप्त होतो, कुणाला कोर्टात उभं करावं लागत नाही. मग म्हणाले, "हें अण्णास सांगूं नका. कळलं तर उद्यां कचेरींत येऊन स्वतःचं नांव लिहून जाईल."

खरंच गेले असते. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, चुकीच्या उत्तरावर सुटका घेणाऱ्यातला नव्हे.

त्या वर्षी उत्सवाला भाताचा प्रसाद झाला नाही. रताळी आणि केळी यांवर नियंत्रण नव्हतं. तेवढ्यावर रुक्मिणीचं लग्न लागलं. आजोबांनी भावाशी बोलणं सोडलं. एकादशीच्या भजनाला भावोजी येत, पण आत न येता बाहेर ओट्यावर बसत, आणि झांजा संपल्या की उठून जात. आत एक भाऊ, बाहेर एक, आणि दोघांमधली गोष्ट माझ्या पोटात. सांगावं तर आजोबा कचेरीत जाऊन उभे राहणार, न सांगावं तर हे असं. शिकलेल्या बाईनं गंमत म्हणून लिहिलेल्या तीन ओळी... त्या महिन्यांत मला धड झोप लागली नाही.

आणि मग एका सकाळी पेपरात आलं की, नव्या मुख्यमंत्र्यांनी नियंत्रण उठवलं. आधी कुणाचा विश्वास बसेना. नंतर बाजारात तांदळाच्या राशी उघड्यावर लागल्या आणि दोन दिवस लोक विकत घ्यायला कमी, बघायला जास्त जात होते. राशीत कोपरापर्यंत हात घालून उभे राहत. मीही घातला.

पुढच्या एकादशीला आजोबांना ताप होता, म्हणून उंछवृत्ती निघाली नाही. पण सकाळी गल्लीतून अभंगाचा आवाज आला, आणि इतका बेसूर की तो आमच्या भजनातला कुणीच नव्हता. मी दारात गेले. सेतुभावोजी, उघड्या अंगानं, गळ्यात चंबू, घरोघर थांबत येत होते. ज्या दारांत त्यांनी झडत्या घेतल्या त्याच दारांत. समोरची कामाक्षीमामी मूठ घालताना तमिळमध्ये म्हणाली, "ऑफिसर, बघून घ्या, मूठ नियमापेक्षा मोठी तर नाही ना?" सगळी गल्ली हसली. सर्वांत मोठ्यानं ते स्वतः.

आमच्या दारातून ते तसेच आजोबांच्या खाटेपाशी गेले. चंबू ठेवला. "अण्णा, मालकाचा माल परत करायस सुरुवात केली आहे. दोन पोतीं व्हायस वर्ष लागेल."

तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, खटल्याचं आणि स्वयंपाकघरातलं. आजोबांनी चंबू जवळ ओढून आत पाहिलं. मग भावाला म्हणाले, "सूर अगदींच गेला की रे तुझा."

त्यानंतर वर्षभर दोघे भाऊ मिळून फिरले. पुढच्या उत्सवाला भात झाला, आणि भावोजी पंगतीत मधोमध बसले. नंतरची सारी वर्षं ते परसातूनच येत राहिले. दोघांमध्ये काहीही राहून गेलं नाही; म्हणून तर मला हे असं लिहिता येतं.

पावती विठोबाच्या तसबिरीमागे आहे. दोन पोती पुरी झाली त्या दिवशी भावोजींनी ती मागितली होती. माल पोचल्याची सही झाली की कागद फाडून टाकू, म्हणाले. आजोबा म्हणाले, मालकाची सही मी कशी करू? तेराव्याच्या दिवशी तसबीर पुसताना ती हाती आली. रेघेवर अजून काही नाही. लेखणी जवळच होती. मी कागद होता तसा घडी करून मागे ठेवला.