सॅल्व्हनच्या गळ्यातला हर्बी

हर्बी टॅटरसॉलला आमच्या गल्लीत मांजरंसुद्धा घाबरत नसत. पाच फूट चार इंच उंची, बायकोने विणलेला तपकिरी स्वेटर, आणि आवाज इतका मऊ की पोस्टाच्या रांगेत तो नुसतं 'माफ करा' म्हणाला तरी पुढची बाई आपली जागा सोडायची. या माणसाने एकवीस वर्षं दर शनिवारी संध्याकाळी देशभरातल्या पोरांची झोप उडवली, असं सांगितलं तर नव्या शेजाऱ्यांना मी थापा मारतेय असं वाटायचं.

मी बेरिल. दर शनिवारी टीव्हीवर लागणाऱ्या त्या मालिकेच्या कपडेपटात होते आणि हर्बीच्या घरापासून दोन दारं सोडून राहत होते. मालिकेतले खलनायक म्हणजे सॅल्व्हन. ते अर्धे माणूस आणि अर्धे यंत्र. आजारी, म्हातारी, जखमी माणसं ते उचलून न्यायचे, मोडलेले भाग काढून तिथे यंत्र बसवायचे, आणि दुखणं काढता काढता बाकीच्या भावनाही काढून टाकायचे. वाईट करायचा त्यांचा हेतू नसायचा. त्यांना मनापासून वाटायचं की आपण भलंच करतोय. आता 'मनापासून' म्हणावं की नाही ते मला माहीत नाही.

मला त्यांची भीती वाटायचं काही कारण नव्हतं. त्यांची छाती मीच शिवलेली होती. चंदेरी रबर, कपडे धुण्याच्या यंत्राची जुनी नळी, वर टोप. आत उंच उंच बेकार नट. त्यातला एक तर उकाड्याने दर आठवड्याला चक्कर येऊन पडायचा, मग मी त्याचा टोप काढून त्याला बार्लीचं पाणी पाजायचे. हे बिचारे नुसते चालायचे. बोलायचा हर्बी, कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर बसून.

घशाच्या कॅन्सरमध्ये ज्यांचं स्वरयंत्र काढतात त्यांना इस्पितळातून एक छोटं यंत्र देतात, दाढीच्या विजेच्या यंत्राएवढं. गळ्याला टेकवून बटण दाबलं की ते गुणगुणतं, आणि ओठ हलवले की त्या गुणगुणीचे शब्द होतात. आमच्या आवाजवाल्यांनी तसलंच एक मिळवलं होतं. पण गळा शाबूत असलेल्या माणसाने ते वापरायचं तर श्वास कोंडावा लागतो. एवढासा श्वास सुटला की खरा आवाज मिसळतो आणि सगळं मुसळ केरात. मान ताठ, कपाळ आणि गाल दगडासारखे, हलायचे ते फक्त ओठ आणि जीभ. हर्बीने हे आरशासमोर बसून कमावलं होतं. रोज सकाळी अर्धा तास तो बसायचा. त्याची बायको आयव्ही म्हणायची, "लोक सकाळी उठून व्यायाम करतात. माझा नवरा मरायची तालीम करतो."

गाइल्स नावाचा एक दिग्दर्शक होता. काचेमागे बसून उंटावरून शेळ्या हाकणारा. त्याला नेहमी डरकाळी हवी असायची.

"हर्बी, अरे जरा दम दे! जगाचा नाश करतोयस तू!"

"साहेब, ओरडायला राग लागतो," हर्बी शांतपणे म्हणायचा. "यांच्याकडे राग कुठून आणू?"

एकदा एका मुलीचं पत्र आलं होतं. 'माझ्या आईला सॅल्व्हन केलं, तर ती मला शाळेचा डबा देईल का?' आम्ही सगळे हसलो. हर्बी हसला नाही.

"देईल," तो म्हणाला. "रोज देईल, अगदी वेळेवर. एकदाही चुकणार नाही. बेरिल, त्या पोरीला बरोबर कळलंय, या गाइल्सला कळत नाही."

त्याच वर्षी तो भाग झाला. एक बाई सॅल्व्हन झालेल्या आपल्या नवऱ्याला ओळखते आणि त्याला विचारते, मी आठवते का तुला? लेखकाने लिहिलं होतं, 'नाही.' हर्बीने भांडून ते बदलून घेतलं. त्याच्या सॅल्व्हनला सगळं आठवत होतं. तिचं नाव, लग्नातल्या केकला पडलेली भेग, पहिल्या बाळाचं वजन. हर्बी तरुणपणी रॉचडेलला बसकंडक्टर होता. स्टॉपची नावं सांगावीत तसं त्याने ते एकेक सांगितलं आणि थांबला. माझ्या हातात सुई होती, ती तशीच राहिली. विसरलेल्या माणसाची कीव येते. याला तर सगळं आठवत होतं, फक्त त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. घरी गेल्यावर मी आईला फोन केला आणि उगाच पाऊण तास बोलत बसले.

पुढे मालिका वाढत गेली तशी सॅल्व्हनांची रया गेली. त्यांना बंदुका दिल्या, चकचकीत केलं, हर्बीला ओरडायला लावलं. पोरं जांभया द्यायला लागली. पण हर्बीने आपली सकाळची तालीम सोडली नाही.

अठ्ठ्याऐंशी साली मालिका बंद पडली, आणि त्याच हिवाळ्यात हर्बीला खरोखरच घशाचा कॅन्सर निघाला. हसावं की रडावं तेच कळेना. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र गेलं. गळ्याच्या खाली एक भोक राहिलं, त्यातून श्वास चालायचा. जीव वाचला म्हणून आम्ही देवाचे आभार मानले. आणि मग लक्षात आलं की आयव्ही आंधळी आहे.

म्हणजे ते आम्हाला ठाऊकच होतं. साखरेच्या आजाराने तिचे डोळे चार वर्षांपूर्वीच गेले होते. पण तोवर काही अडलं नव्हतं, कारण हर्बी बोलायचा. संध्याकाळचा चहा झाला की तो तिला वाचून दाखवायचा. वर्तमानपत्र, कोण वारलं त्याची यादी, क्रिकेटचे धावफलक, रहस्यकथा. रहस्यकथेतला खुनी, मोलकरीण, फौजदार, सगळ्यांचे आवाज काढायचा. आयव्हीला अख्खं जग त्याच्या गळ्यातून दिसायचं. आता तो काय सांगायचं ते वहीत लिहायचा, आणि ती वही तिला वाचता येत नव्हती.

मग रोज चार वाजता मी जायला लागले. तो लिहायचा, मी तिला वाचून दाखवायचे. एकदा त्याने लिहिलं, 'तिला सांग, मोजे उलटे घातलेत, पण पाय अजून फक्कड आहेत.' मी मोज्यांपर्यंत वाचलं आणि थांबले.

"काय गाळलंस, बेरिल?"

"काही नाही ग."

"खोटारडी! माझा नवरा नुसतं मोज्यांवर थांबणारा नव्हे."

मी वाचलं. ती गुलाबी झाली, आणि मीही.

पण मी गेल्यावर दुसऱ्या दिवशी चारपर्यंत घरात शुकशुकाट. त्यांनी टेबलावर ठोकायची एक रीत बसवली होती. दोनदा ठोकलं की हो, एकदा ठोकलं की नाही. "भिंतीशी संसार चाललाय माझा," आयव्ही म्हणायची. इस्पितळातून मिळालेलं यंत्र डब्यातून बाहेर निघालंच नव्हतं. मी हर्बीला बोल बोल बोलले. त्याने वहीत लिहिलं, 'त्या आवाजात मी तिला हाक मारू?'

इस्पितळात काय झालं ते त्याने पुढच्या पानावर लिहिलं. तिथे बोलायला शिकवणाऱ्या मिस प्रॉदेरो आहेत. बाकीचे रोगी अडखळत होते. कुणाचं यंत्र गळ्यावरून घसरायचं, कुणाच्या भोकातून फुसफुस यायची. हर्बीने यंत्र टेकवलं आणि पहिल्याच वाक्यात एकेक शब्द स्वच्छ. मिस प्रॉदेरोंनी टाळ्या वाजवल्या. इतका तयार रोगी त्यांनी कधी पाहिला नव्हता म्हणे. हर्बी घरी येऊन दोन दिवस जेवला नाही.

मार्चमधल्या एका सकाळी आयव्ही शेगडीपाशी उभी होती. "ही विझवलीयस ना रे?" तिने विचारलं आणि हात पुढे केला. शेगडी विझवलेली नव्हती. टेबलाच्या पलीकडून हर्बीला ओरडता येईना. घाबरून त्याने टेबलावर मूठ आपटली, आणि एकदा आपटून भागेना म्हणून परत आपटली. दोनदा म्हणजे हो. आयव्हीने तापलेल्या शेगडीवरच तळहात टेकवला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी दार ढकललं आणि बोळातच खिळले. स्वयंपाकघरातून सॅल्व्हन बोलत होता.

"आयव्ही. चहा. झाला. आहे. डावीकडे. ठेवला. आहे."

 त्या रबराच्या छात्या मी या दोन हातांनी शिवल्या होत्या, तरी दाराची कडी माझ्या हातून सुटेना. आत आयव्ही ताठ बसली होती, हाताला पट्टी, चेहरा कचेरीतल्या बाकावर बसलेल्या बाईसारखा. "आभारी आहे," ती म्हणाली. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला म्हणाली हो, चहाबद्दल!

हर्बी कोळसा आणायला मागे गेला तेव्हा तिने माझी बाही धरली.

"बेरिल, तो सगळं बोलतोय ग. हात दुखतो का, विचारतो. माझं चुकलं, म्हणतो. हवा छान पडलीय, म्हणतो. आणि तिन्ही अगदी एकसारखंच. मला दिसत नाही. माझ्यापाशी त्याचा आवाज तेवढा होता. आता तो चिडलाय, का थट्टा करतोय, का रडतोय, मला कसं कळावं?"

"भीती वाटते?"

"हो. लाज वाटते सांगायला, पण हो. सकाळी वाटलं, हर्बी इस्पितळातच गेला आणि कुणीतरी त्याची माहिती घेऊन माझ्या घरात राहायला आलंय."

तोंडावर हात ठेवून बघायची कल्पना माझी. अतिशहाणपणा आमच्या घराण्यातच आहे. मी त्या दोघांना समोरासमोर बसवलं आणि आयव्हीचा चांगला हात त्याच्या गालावर ठेवला. म्हटलं, बोल रे आता, हिला बोटांनी वाचू दे तुला.

त्याने यंत्र गळ्याला टेकवलं.

"मला. तुझी. फार. आठवण. येत. होती. एकाच. घरात. राहून."

आयव्हीची बोटं गालावरून कपाळावर गेली, भुवयांवरून फिरली, डोळ्यांच्या कडांशी थांबली. मग तिने हात हळूच मागे घेतला.

"काही हलत नाही ग, बेरिल," ती म्हणाली.

कसं हलेल? एकवीस वर्षं रोज अर्धा तास आरशासमोर बसून त्याने तेच तर घालवलं होतं. यंत्र गळ्याला लागलं की मान ताठ, गाल दगड. आता श्वास कोंडायची गरज उरली नव्हती, तरी तो कोंडत होता. बिचारे बाकीचे रोगी अडखळायचे, धापा टाकायचे, त्यांच्या आयाबहिणींना निदान तेवढी तरी खूण पटत असेल. आमच्या माणसाला त्याची कलाच नडली. मला गाइल्सचा राग आला, मिस प्रॉदेरोंच्या टाळ्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा, कारण स्टुडिओत सगळ्यात आधी टाळ्या वाजवणारी मीच.

हर्बीने आयव्हीचं बोलणं ऐकलं होतं.  मग त्याने परत यंत्र टेकवलं.

"आयव्ही. हा. मीच. आहे. ना."

ते यंत्र प्रश्न विचारू शकत नाही. शेवटी आवाज वर जातच नाही. पण मला त्याचे डोळे दिसत होते. इतका भ्यालेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं आम्ही सॅल्व्हनसमोर उभं राहणाऱ्यांच्याच भीतीचा विचार केला. आत जो बसलाय, ज्याला तो आवाज आपल्याच गळ्यातून ऐकू येतो, त्याला काय वाटत असेल हे कुणी कधी विचारलंच नाही. हर्बीला स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली होती. आणि ते डोळे पाहायला त्या घरात मीच एकटी होते.

मी म्हणायला गेले, "अरे वेड्या, तूच तर—"

"तू गप्प बस, बेरिल," आयव्ही म्हणाली. "त्याने मला विचारलंय."

तिने मान कलती केली आणि ऐकत राहिली. ऐकण्यासारखं काही नव्हतं, नुसता त्याच्या गळ्यातल्या भोकातून येणारा जाणारा वारा. मी मनात म्हणत होते, हो म्हण, बाई. खोटं तर खोटं, पण हो म्हण.

"मला नाही ठाऊक," ती म्हणाली. "खरंच नाही ठाऊक, हर्बी. पण जो कुणी असशील तो, खुर्ची जवळ घे. इतक्या लांबून मला एकटं वाटतं."

हर्बीने यंत्र टेबलावर ठेवलं आणि खुर्ची तिच्याकडे ओढली.

त्यानंतर आयव्ही सहा वर्षं जगली. रोज त्या आवाजाला उत्तर द्यायची, त्याच्याशी भांडायची, त्याच्याकडून धावफलक ऐकायची. तिची खात्री पटली की नाही, ते मला माहीत नाही. हर्बीलाही नाही. त्याने परत कधी विचारलं नाही.