देवळापुढचा न्यूट्रल

डावा गुडघा क्लच दाबण्यास सर्वथा असमर्थ झाला, तेव्हा आम्ही ऑटोमॅटिक गाडी घेतली. दर चतुर्थीला पत्नीसह अदाशाच्या गणपतीला स्वतः गाडी चालवीत जावे, एवढाच त्यामागील हेतू. या पावसाळ्यानंतर मात्र गिअरचा लिव्हर ‘डी’वर आणला की गाडी क्षणभर स्तब्ध राही आणि मग गचका देऊन निघे.

“गिअरबॉक्स गेला असेल तर विकून टाकू. तुम्ही टॅक्सीने जात जा,” मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला. पत्नीचा चेहरा उतरला.

गाडी वाडीच्या मेकॅनिककडे नेली. तो शेजारी बसला आणि मला गाडी चालवायला लावली. पत्नी मागे होती. वाटेत हनुमंताचे देऊळ आले. नित्याप्रमाणे मी धावत्या गाडीतच लिव्हर ‘एन’वर सारला, हात जोडल्यासारखा कपाळाशी नेला आणि पुन्हा ‘डी’ टाकला. गचका बसला.

“थांबा, काकाजी! हे काय करून राहिले तुम्ही?”

“नमस्कार.”

“तो दिसला मले. न्यूट्रल काहून केलं?”

“देवापुढून इंजिनाच्या जोरात जाणे उद्धटपणाचे वाटते. शिवाय ‘एन’ हे मला ‘नमः’चेच आद्याक्षर वाटते.”

मागून पत्नी म्हणाली, “आणि अदाशापर्यंत देवळं किती लागतात, तेही विचारा यांना!”

मेकॅनिकला हसू आवरेना. “म्हंजे दर देवळापाशी गिअरबॉक्सातल्या क्लच प्लेटी आपटून राहिल्या! हनुमानजी तुमचा नमस्कार घेते, पण प्लेटी कुठवर सोसतीन?”

गॅरेजमध्ये त्याने गिअरबॉक्सचे ऑइल काढले, ते काळे पडलेले आणि करपट वासाचे निघाले. तो कितीतरी वेळ गाडीखालीच होता. मी मनोमन अथर्वशीर्ष म्हणत होतो. अखेर तो बाहेर आला.

“प्लेटी वाचल्या, काकाजी. ऑइल अन् फिल्टर बदलतो. आता गाडी पूर्ण थांबल्याबिगर लिव्हरले हात लावाचा नाही.”

पुढच्या चतुर्थीला आम्ही निघालो. पहिल्याच देवळापाशी माझा हात सवयीने वळला. तोच शेजारी बसलेल्या पत्नीने लिव्हरवर आपला हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने नमस्कार केला.

“तुमच्याही वाटचा केला. समोर बघा.”

सावनेरच्या रस्त्याला गाडीने वेग घेतला. थोड्या वेळाने तिने विचारले, “गिअर बदलला का हो?”

“बदलला असावा.”

“कळलंसुद्धा नाही,” असे म्हणून तिने पुढल्या देवळासाठी पदर सावरला.