एलुबेची हाक

चिपेरोनी उतरलं होतं. मुलांजेच्या डोंगरावरून हे झिमझिमतं धुकं खाली आलं की चहाचे मळे गडप होतात, शेजारचं घर दिसेनासं होतं, नुसते आवाज उरतात. एलुबे अंगणात मका कांडत होती आणि गावभरच्या उखळांचे ठोके धुक्यातून तिला साथ देत होते.

एलुबे चहा खुडणारी बाई, पण नाव होतं ते तिच्या गळ्याचं. मयताला पहिला हंबरडा तिचा. तो फुटल्याशिवाय बाकीच्या बाया तोंड उघडत नसत. मागच्या थंडीत ती जागी झाली तर डोकं गरगरत होतं आणि दंडावर बारीक टोचल्याची खूण. ‘पंपवाले आले! रक्त ओढून नेलं माझं!’ तिनं हाळी दिली. पंपवाले रात्री ओळखीच्या आवाजात बोलून दार उघडायला लावतात आणि माणसाचं रक्त काढून नेतात, असं ती घरोघर सांगत सुटली. त्याच सुमारास शाळेशी इस्पितळाची पांढरी गाडी आली, मोठी पोरं रक्त द्यायला रांगेत उभी. एलुबे ओरडली तशा बाया पातेली बडवत धावल्या आणि पोरांना ओढत घरी आणलं. गाडी पुन्हा आली नाही. पंपवाल्यांना अडवायला उंबऱ्यांवर ओढलेल्या राखेच्या रेघा तेवढ्या राहिल्या.

“आई.”

कुंपणापलीकडून आवाज आला. माणूस पाठमोरा होता. जावयानं सासूच्या तोंडाकडे बघायची रीत नाही. लास्टन होता तो.

“मलिता बाळंत झाली. पोरगी आहे. पण रक्त थांबत नाही.”

“मग ते डॉक्टर काय करताहेत?”

“रक्ताचं कपाट रिकामं आहे म्हणतात. मी माझं दिलं. आणखी एकाचं पाहिजे, आजच. मी या गावात परका, मला कोण विचारतो? तुमचं ऐकतील.”

एलुबे मुसळ टाकून निघाली, दारोदार रक्त मागत. ती जसजशी पुढे जाई, तसतशी तिच्या वाटेवरची उखळं गप्प होत. अंगणाअंगणात मका सांडलेला, मुसळ आडवं, माणूस नाही. मावसबहीण नाम्बेवेच्या दाराशी ती थांबली.

“दार उघड गं. मलिता चाललीय माझी. रक्त पाहिजे तिला.”

“कुणी मागायला लावलं तुला?” आतून विचारणा झाली.

“अगं, मी एलुबे!”

“असशील. ते ओळखीच्या आवाजातच बोलतात, तूच सांगितलं होतंस.”

“तुझंच दे की!” आणखी कुणीतरी आतून बोललं. “चहाच निघेल म्हणा!”

हसणं ऐकू आलं. तोंडं दिसली नाहीत.

इस्पितळात नर्सनं तिचा तोच दंड धरला. “घाबरू नका, मावशी. सुट्टीत कपाट असं रिकामंच असतं. शाळेतल्या पोरांवर भरतं ते. तुमच्याकडच्या शाळेत तर आम्हाला कुणी पाऊलच टाकू देत नाही.”

नळीतून तिचं रक्त पिशवीत उतरत होतं. पिशवी डुलत्या तबकावर वरखाली होत होती, कुणी गाढ झोपलेलं श्वास घेतं तशी. सुई निघाली आणि तिनं दंड पाहिला. नवी खूण हुबेहूब जुन्या खुणेसारखी होती. मग तेव्हा काय टोचलं होतं? तिला उमगेना.

मलिता वाचली.

तिला घरी आणलं तेव्हाही धुकं होतंच. बाळाला घ्यायला एकही बाई आली नाही. नाम्बेवे वळणावर उभी होती, बऱ्याच लांब.

“तोंड तर मलिताचंच दिसतंय,” ती म्हणाली. “पण आत कुणाचं वाहतंय?”

“माझं!” एलुबे सगळा गळा लावून ओरडली. “माझंच गं रक्त! मी दिलं, आणि उभी आहे इथं!”

हाक धुक्यात गेली. एक दार लागल्याचा आवाज आला, मग दुसऱ्याचा.

मलिताला पेज हवी होती. एलुबेनं उखळात मका ओतला, मुसळ उचललं. पहिला ठोका पडला तशी गावातली उखळं एकेक करत थांबली. तिनं जरा वेळ कान दिला. मग कोंडा फुंकून टाकला आणि पुन्हा कांडू लागली.