तापानंतरचा पहिला घास

मैत्रिणींनो, दुपारचंच घडलंय. अजून त्याच गुंगीत आहे, म्हणून लिहितेय.

माझी ओवी पावणेदोन वर्षांची. ताप कालच उतरला, पण चार दिवस ती अन्नाला तोंड लावत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "पाणी पितेय, शू होतेय ना? मग भूक येईल हळूहळू. जबरदस्ती नको." पण जीव राहतो का? पेज, खिमट, वरणभात, सगळं करून झालं. चमचा दिसला की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची.

आमच्या उल्हासनगरच्या बिल्डिंगमधल्या शेजारच्या सिंधी आंटी आज डोकावल्या. मला म्हणाल्या, "तूने खाना खाया क्या?"

मला आठवेचना.

"बैठ. पहले तू खा." त्यांनीच मला दहीभात कालवून दिला.

मी खाली बसून जेवायला लागले. पंखा मंद फिरत होता, पडद्यातून आलेलं ऊन फरशीवर हलत होतं. गार दहीभात पोटात गेला आणि डोळे जड झाले. क्षणभर वाटलं, मीच लहान आहे आणि कुणीतरी मला भरवतंय.

तेवढ्यात मांडीला काहीतरी उबदार टेकलं. ओवी! तिनं माझ्या ताटात हात घातला, चार शितं उचलली आणि तोंडात टाकली. मी श्वास रोखून बघत राहिले.

आंटी कुजबुजल्या, "देख मत उसको. खाती रह."

पाच-सहा घास खाल्ले तिनं. मग दह्याच्या हातांनी माझा गाऊन धरून तिथंच झोपली.

लेकरू आजारी असलं की तुम्ही स्वतः जेवता का गं?