दाढेपायी अडलेला डोळा

माझ्या मावशीला अख्खी गल्ली मास्तरीण म्हणते. शाळेशी तिचा संबंध चौथीतच संपला, पण शिवणाऱ्या माणसाला मास्तर म्हणतात आणि ती शिवते, म्हणून मास्तरीण. कोर्टाच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान आहे: एक खोली, दोन मशिनं, कापड बेतायचं लांब टेबल आणि भिंतीला ओळीने टांगलेले वकिलांचे काळे कोट. काळा कोट शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, हे मी भाची म्हणून नाही, आठ वर्षं तिच्या हाताखाली बोलणी खाल्लेली कारागीर म्हणून सांगते.

काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने हाताचे टाके घालायचे म्हणजे धडधाकट डोळ्यांनाही घाम फुटतो. मावशीच्या तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ती कोट खिडकीशी नेऊन चाचपत शिवायला लागली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन सोपं आहे, पण आधी रक्तातली साखर खाली आणा, नाहीतर जखम चिघळेल. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणी असते. तिचा आकडा पावणेदहा होता, डॉक्टरांना तो आठाच्या आत हवा होता. डोळे गेले तर मास्तरीण संपली, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

तिने चहातली साखर सोडली, गोडाकडे पाठ केली, गोळ्या घड्याळ लावून घेतल्या. तीन महिन्यांनी आकडा आला दहा. ऑपरेशन पुढे ढकललं. आणखी तीन महिन्यांनी पुन्हा दहा, पुन्हा ढकललं.

मग घरात चौकशी बसली. मावशीचे यजमान, आमचे काका, रेल्वेत तिकीट तपासनीस होते. उभ्या जन्मात त्यांनी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि निवृत्त झाल्यावर ही सगळी हुशारी घरावर उतरली. बायको चोरून गोड खाते, हा निकाल त्यांनी आधी दिला आणि पुरावे मागाहून शोधायला घेतले. साखरेचा डबा कुलपात गेला. तिच्या पर्सची रोज झडती व्हायची, कचऱ्याच्या डब्यात चॉकलेटचे कागद शोधले जायचे. मावशीने एकदाच सांगितलं, की मी खात नाही.

खोटं कशाला बोलू, मलाही शंका आली होती. ती गिऱ्हाइकाचं माप घेत असताना मी तिचा बटणांचा खण उपसला. बिस्किटं निघतील असं वाटलं होतं. बटणं निघाली. मला माझीच लाज वाटली, पण शंका काही गेली नाही.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मावशीने चाळीस वर्षं दोरा दाताने तोडला. टाचण्या ओठांत, दोरा उजव्या बाजूच्या दातांखाली, एक हिसका, की काम झालं. दोऱ्यासाठी कात्री शोधणाऱ्या मुलींना ती नाजूक म्हणायची आणि तिचं नाजूक म्हणणं म्हणजे शिवीच. एक दिवस तिच्या गळ्यात नाडीला बांधलेली छोटी कात्री दिसली. गिऱ्हाइकं म्हणाली, मास्तरीणबाईंना उशिरा का होईना शहाणपण आलं. मीही हसले. चाळीस वर्षांची खोड माणूस उगाच सोडत नाही, हे माझ्या डोक्यात यायला आठवडा गेला.

मग मी तिच्या जेवणाकडे पाहायला लागले. डब्यातले काकडी-गाजराचे तुकडे तसेच घरी परत जायचे. ती चहात बुडवलेला पाव किंवा गिच्च मऊ भात डाव्या बाजूने कसाबसा गिळायची. पाण्याचा घोट घेताना उजवा गाल हाताने धरायची.

“मावशी, दाढ दुखते ना?” मी विचारलं.

तिने मशीन थांबवलं नाही. शिवण संपेपर्यंत चालवलं आणि मग दाराकडे बघून म्हणाली, “हळू बोल. वरची दाढ आहे. दाखवली की काढायला सांगतील. वरच्या दाढेची नस थेट डोळ्याला जाते गं, दाढ काढली की डोळा गेला. आधीच माझ्यापाशी उरलंय किती?”

हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. आठ महिने ती ती दाढ लवंग आणि मिठाच्या गुळण्यांवर सांभाळत होती. हिरडीतून पू येत होता, घासताना रक्त येत होतं, म्हणून तिने त्या बाजूने ब्रश फिरवणंच बंद केलं होतं. डोळे वाचवायचे म्हणून ही बाई तोंडातला ठणका गिळत बसली होती. तिचा रागही आला आणि दयाही.

दातांच्या डॉक्टरकडे चल म्हणून मी दातांच्या कण्या केल्या. तिचं एकच, आधी डोळे होऊ देत, मग सगळी बत्तिशी काढा. शेवटी मी सरळ खोटं बोलले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलंय असं सांगून तिला घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर सगळं ओकले. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, की मोतीबिंदू नसता तर मी जागीच भस्म झाले असते.

डॉक्टरांनी तिला तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारली आणि खुर्ची मागे सरकवून बसले.

“आजी, दाढ काढल्याने डोळा जात नाही,” ते म्हणाले. “पण तोंडात पू असताना मी तुमच्या डोळ्याला हात लावणार नाही. साखर खाली आली तरीही नाही.”

परत आल्यावर दुकानाचं कुलूप उघडताना म्हणाली, उद्याची वेळ घे.

दातांची डॉक्टर एक तरुण मुलगी निघाली, बोलायला मिठ्ठास आणि कामाला कडक. तिने मावशीला समजावलं, की मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या, त्यातला पू, उलट साखरच चढती ठेवतात. शरीर आतल्या आत भांडत राहतं. शिवाय चावता येत नाही म्हणून माणूस पाव आणि मऊ भातावर येतो, तीही साखरच. गोळ्या आणि पथ्य चालूच ठेवायचं, नुसत्या दाताने सगळं होणार नाही, हेही तिने बजावलं. मावशी म्हणाली, “म्हणजे मी गोड खात नव्हते, हे तू लिहून देशील?” डॉक्टर हसली. मावशी हसली नाही, ती खरंच विचारत होती.

आधी औषधं झाली, मग दाढ निघाली. दाढ काढल्यावर मावशीने भूल उतरायच्या आत एक डोळा झाकून भिंतीवरचं घड्याळ वाचलं, मग दुसरा झाकून. दोन्ही डोळे जितके होते तितके जागेवर होते. मग चार वेळा जाऊन हिरड्या खोलवर साफ करून घेतल्या. सकाळ-संध्याकाळ ती आरशासमोर अशी ब्रश करायची जणू कोटाची कॉलर बसवतेय. महिन्याभरात डब्यातली गाजरं संपायला लागली, आणि घरी तर ती गाजर कडाकडा आवाज करत खायची, काकांना ऐकू जाईल अशा बेताने.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. सात पूर्णांक सहा. मावशीने तो दुकानातच मागवला होता आणि काकांनाही तिथेच बोलावलं होतं. दोन वकील कोट घालून बघत उभे होते, त्यांना तिने थांबवून घेतलं. काकांनी रिपोर्ट खिडकीशी धरून दोनदा वाचला, वरचं नाव तपासलं, तारीख तपासली. त्यात कुठेही खोट सापडेना.

“बोला,” मावशी म्हणाली. “साक्षीदार उभे आहेत.”

काकांनी रिपोर्टाची घडी घातली आणि म्हणाले, “चुकलं माझं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी.” एक वकील म्हणाला, नोंद झाली. मावशीने पदराने डोळे पुसले, आणि बटणांचा खण मीही उपसला होता हे मी तेव्हाच सांगून टाकलं. ती म्हणाली, मला माहीत होतं, बटणं मापाप्रमाणे लावून ठेवली होती, तू ती मिसळलीस.

पंधरा दिवसांत पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या सकाळी ती दुकानात आली. आधी दारात उभी राहून समोरच्या पाट्या वाचल्या, मग आत येऊन मी नुकताच पूर्ण केलेला कोट खुंटीवरून काढला. गेली दोन वर्षं मी काहीही शिवलं, की ती त्यावरून बोटं फिरवून छान म्हणायची, आणि त्या प्रत्येक छानने मला धडकी भरायची, कारण आधीच्या सहा वर्षांत तिने तो शब्द एकदाही वापरला नव्हता.

तिने कॉलर उलटली. काळ्या कापडावरचा काळा दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने मोजला.

“हा टाका आहे की अळी?” ती म्हणाली. “उसव सगळं.”

मी तिथेच जमिनीवर बसले आणि उसवायला घेतलं. आयुष्यात इतक्या आनंदाने मी काही शिवलंसुद्धा नाही.